एका घरचे साक्षीदार चालणार नाहीत

ग्रंथपाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पुस्तकांवरची धूळ झटकणारं माणूस येतं. माझ्या मावसभावानं एकदा पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ही आमची ताई. कॉलेजात पुस्तकं देती-घेती." पाहुणे म्हणाले, "बरं काम हाय. डोक्याला ताप न्हाई." मी तेव्हा नुसता चहा पुढं केला. आता निवृत्त झाले आहे आणि दिवाळी अंकात पानं मिळाली आहेत, तर त्या पाहुण्यांना उत्तर देऊन टाकते.

पुस्तकं देणं-घेणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. चार दिवसांत कुणीही शिकतं. खरं काम वेगळंच. समोरच्या पोराला एखादी गोष्ट माहीत करून घ्यायची असेल तर ती कुठं शोधायची, सापडली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा का, आणि दुसऱ्याला सांगताना ती कुठून आणली हे कसं सांगायचं, एवढं त्याला यायला हवं. याला आमच्या क्षेत्रात माहिती साक्षरता म्हणतात. नाव जड आहे. काम मात्र बाजारात वांगी निवडण्यासारखं. वरून सगळीच चकचकीत असतात, देठाकडून बघावं लागतं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील सहकारी सूतगिरणीत हमाली करायचे. कापसाच्या गाठी उचलून खांदा कायमचा खाली आलेला, पण मी पदवीची परीक्षा पास झाले त्या दिवशी वडवणीच्या बाजारातून ते असे चालले की दोन्ही खांदे सारखे दिसत होते. पुढं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि आमच्याच भागातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसले तेव्हा लाजले वगैरे नाही. ती खुर्ची मी कमावली होती.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ग्रंथालयाचा एक छोटा अभ्यासक्रम आला, वीस गुणांचा, आणि तो शिकवायचं माझ्याकडं आलं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांसारखीच परीक्षा घेतली. सूची म्हणजे काय, कोश म्हणजे काय, योग्य पर्यायापुढं खूण करा. पोरांना अठरा, एकोणीस असे गुण पडले. मी खूश, प्राचार्य खूश. दुसऱ्या दिवशी एकोणीसवाली पोरगी माझ्यापुढं उभी. "मॅडम, ज्वारीवर माहिती पाहिजे होती. कुठं भेटंल?" शेतीच्या कपाटाला पाठ लावून ती उभी होती.

त्या दिवशी मला कळलं, की मी पोहण्याची परीक्षा कोरड्या हौदात घेतली.

मग मी परीक्षाच बदलली. प्रश्न द्यायचा, उत्तर शोधून आणायचं, आणि उत्तरापेक्षा ते कुठून आणलं याला जास्त गुण. आता पोरं काय काय आणू लागली ते ऐका. एक जण म्हणाला, "मॅडम, गूगलवर लई शोधलं, न्हाई सापडलं." काय टाइप केलं होतंस, विचारलं तर त्यानं मोबाइल दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'सरांनी परवा सांगितलेला निबंध'. दुसऱ्यानं तालुक्यातल्या धरणाची माहिती आणली आणि स्रोत म्हणून लिहिलं, 'फ्लेक्स, बसस्टँडसमोर'. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता तो. मी म्हटलं, "अरे, त्याच्यावर विश्वास कावून ठेवला?" तर म्हणाला, "मॅडम, एवढा मोठा हाय. खोटं असतं तर बारका लावला असता."

आणि बाकी निम्म्या वर्गाच्या कागदावर स्रोताच्या जागी एकच नाव. गावचे सरपंच, नाहीतर सोसायटीचे चेअरमन. आपल्याकडं माहिती पुस्तकात नसते, माणसात असते, आणि तीही ज्याच्या ओट्यावर जास्त चपला निघालेल्या असतात त्या माणसात. पोरांची चूक नव्हती. मीही तशीच वाढले होते.

यावर मला उपाय सापडला तो बीडच्या कोर्टात. चुलत्याचा बांधाचा खटला चालू होता, मी सोबत गेले होते. चुलत्यांनी साक्षीला आपल्याच दोन मेव्हण्यांना उभं केलं होतं. वकील कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, दोघांनी एकाच चुलीपुढं बसून ऐकलेलं. हे दोन साक्षीदार न्हाईत, हा एकच साक्षीदार हाय, दोन टोप्या घातलेला."

मी परत आले आणि फळ्यावर नियम लिहिला. प्रत्येक उत्तराला दोन साक्षीदार पाहिजेत, एका घरचे चालणार नाहीत. दोन वेबसाइटवर तेच वाक्य जसंच्या तसं असेल तर ते एका घरचं. पेपरवाल्यानं चेअरमनना विचारून छापलं आणि तुम्हीही चेअरमनना विचारलं, तर तेही एका घरचं. आणि कुणी सांगितलं एवढ्यावर थांबायचं नाही, त्याला कुणी सांगितलं, तिथपर्यंत जायचं. जी गोष्ट मी तीन व्याख्यानांत सांगू शकले नव्हते ती पोरांना एका मिनिटात कळली. आपल्या जिल्ह्यात कोर्टकचेरी न पाहिलेलं घर कुठलं.

आता छावणीची गोष्ट.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला. दिवाळीनंतर वर्गात निम्मे बाक रिकामे. काही पोरं आई-बापाबरोबर उसाच्या तोडीला गेली होती, काही जनावरांच्या छावणीत राहायला. ज्यांनी छावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चारा-पाणी संपलं की एखादी संस्था मोकळ्या रानात मांडव घालते, तिथं गावोगावची जनावरं बांधतात आणि जनावरांबरोबर माणसंही राहतात. दावणीशेजारीच चूल, बाज आणि मुलांचं दप्तर. आमच्या जवळची छावणी सहकारी दूध संस्थेच्या रानात होती आणि चालवायचे संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणत.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, यंदा घरी बसून गुण द्या. कोण विचारतंय." मी म्हटलं, "सर, पोरं छावणीत असतील तर परीक्षाही छावणीत होईल." ते हसले. मी पिशवीत संदर्भाची पुस्तकं आणि कृषी मासिकांचे बांधीव अंक भरले आणि रिक्षानं निघाले. जी पोरं उसाला गेली त्यांच्यापर्यंत मात्र माझी पिशवी कधीच पोहोचली नाही. नोकरीतली ती रुखरुख अजून आहे.

छावणीत माझ्या वर्गातली सोळा-सतरा पोरं होती. त्यांत मनीषा होती. बोलायला कमी, लिहायला नेटकी. तिच्या घरची एक म्हैस आणि दोन भाकड गाई. बैल उन्हाळ्यातच विकलेले. घर त्या एका म्हशीवर चाललं होतं आणि मनीषाचं कॉलेजही. तिची आई सोजरबाई. तिनं मला पहिल्याच भेटीत विचारलं, "म्याडम, म्हशीमागं बसून परीक्षा घेताय, आन् म्हशीनं पेपर खाल्ला तर?"

मी म्हटलं, "तर म्हशीलाही गुण द्यावे लागतील."

परीक्षेचा प्रश्न काय द्यावा याचा मी विचार करत होते, तर प्रश्न स्वतःच चालत आला. जनावरांचे सरकारी डॉक्टर आले आणि आबांना म्हणाले, शेजारच्या तालुक्यात लाळ-खुरकूत सुरू झाली आहे. हा तोंडाचा आणि खुरांचा रोग, एका जनावराला झाला की दाटीवाटीनं बांधलेल्या छावणीत गवताला आग लागावी तसा पसरतो. डॉक्टर गुरुवारी लस घेऊन येणार होते. "पण लोक तयार नसतील तर मी लशीचा डबा घेऊन पुढच्या छावणीत जाईन," ते म्हणाले. "थांबायला माझ्याकडं वेळ नाही."

लोक तयार नव्हतेच. छावणीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच वाक्य: लस दिली की म्हैस आटते. सोजरबाई म्हणाली, "रोग यील तवा यील. दूध आज जाईल. मी न्हाई टोचू देणार." तिचं चुकत होतं असं मला म्हणवेना. त्या म्हशीखाली तिचं घर उभं होतं.

मी पोरांना बाभळीखाली बसवलं आणि प्रश्न दिला. लस दिल्यावर म्हैस आटते का? गुरुवारच्या आत उत्तर आणा. दोन साक्षीदार, एका घरचे नकोत, आणि बोलण्याचा माग शेवटापर्यंत काढा.

एक जण म्हणाला, "मॅडम, तुमाला उत्तर माहीत असंल ना?"

"नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. शिक्षकाला उत्तर माहीत नाही अशी परीक्षा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

पोरं दोन वाटांनी गेली. मनीषाची टोळी पुस्तकांत घुसली आणि सोपान नावाचा एक बोलघेवडा पोरगा अफवेचा माग काढायला निघाला. त्याला मी मुद्दाम तेच काम दिलं. त्याला एका जागी बसवणं माझ्यानं झालं नसतं.

मनीषाला मासिकात एक लेख सापडला, पशुवैद्यकाच्या जाड पुस्तकात एक परिच्छेद सापडला. दोन्हीकडं म्हणणं असं, की लसीनंतर काही जनावरांना ताप येतो, टोचल्या जागी गाठ येते, दूध थोडे दिवस कमी होतं आणि मग परत येतं. ती माझ्याकडं आली. मी विचारलं, "एका घरचे आहेत का?" तिनं दोन्हींच्या शेवटची संदर्भांची यादी काढून दाखवली. वेगवेगळ्या होत्या. पण ती म्हणाली, "मॅडम, दोघं बी कागदाचेच. आई म्हणल, कागदाला कुठं धार काढायची असती. एक जिता साक्षीदार पाहिजे."

जिता साक्षीदार म्हणजे लस दिलेल्या छावणीतला माणूस. पोरांनी फोन लावले. आणि इथं आमच्या जिल्ह्याची गंमत. ज्याला फोन लावावा तो कुणाचा तरी सोयरा. एकीनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, कोण होतं, तर म्हणाली, "आत्याचे दीर." दुसऱ्यानं शोधलेला माणूस तिच्या त्याच आत्याचा भाचा. शेवटी धर्मापुरीकडच्या एका छावणीतली बाई सापडली, जिचं इथल्या कुणाशी काही नातं नव्हतं. ही खात्री करायला पोरांनी तिला एवढे प्रश्न विचारले की ती बिचारी म्हणाली, "अवो, पोरगी बघायला आलाव का काय?" तिनं सांगितलं, तिची म्हैस टोचल्यावर चार-सहा दिवस कमी दूध देत होती, मग पूर्ववत झाली.

तिकडं सोपानचा माग चालला होता. त्याच्याकडं निम्मी छावणी करमणूक म्हणून बघत होती. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, तर त्याला टँकरच्या ड्रायव्हरनं सांगितलेलं. ड्रायव्हरला आबांच्या गाडीवरच्या माणसानं. त्याला दुधाचं माप घेणाऱ्यानं. माप घेणारा म्हणाला, "मला किसनतात्यानं सांगितलं. तुझ्याच चुलत्यानं, बे."

सोपान चुलत्याकडं गेला. किसनतात्या तंबाखू मळत म्हणाले, "मला कोण सांगणार? तूच सांगितलं की. आपली मुऱ्हा म्हैस टोचली न् आटली म्हणून, लग्नात, जेवताना."

संध्याकाळी सोपान बाभळीखाली आला आणि कुणी न सांगता एका जागी बसला.

"मॅडम, शेवटचा साक्षीदार सापडला."

"कोण?"

"मीच हाय."

पोरं बाभळीला टेकून हसली. मीही हसले. मग त्याला विचारलं, "पण तुमची म्हैस आटली होती ना खरंच?"

"आटली होती की. टोचली, न् पंधरवड्यात आटली."

मनीषानं मान वर केली. "तवा ती गाभण होती का?"

सोपाननं बोटांवर महिने मोजले. मोजता मोजता त्याचं तोंड उघडं राहिलं. म्हैस व्यायच्या दोन महिने आधी आटतेच, हे त्या बाभळीखाली बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यालाही होतं. त्यांची म्हैस लस दिली नसती तरी आटलीच असती. "आयला," तो म्हणाला, "आमी तिला टोचलं न् आमीच बदनाम केलं."

माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्या पोरानं इतकं चांगलं उत्तर आणलं नाही.

आता ते लोकांना सांगायचं होतं. छावणीत एक फळा होता, त्यावर रोजच्या चाऱ्याचं वाटप लिहायचे. मनीषानं खडू घेतला. आबा आले. भला माणूस, छावणीसाठी रात्रंदिवस झटत होता, पण राजकारणात केस पिकलेले. म्हणाले, "पोरी, एवढंच लिही, लस चांगली आहे, दूध आटत नाही. झालं."

मनीषानं लिहिलं. मग खाली लिहू लागली: थोडे दिवस दूध कमी होईल. ताप येऊ शकतो. गाठ येऊ शकते.

"अगं, हे कशाला? लोक बिथरतील."

"आबा, खरं हाय ते."

"खरं हाय गं. पण सगळंच खरं फळ्यावर लिहायचं नसतं. मॅडम, तुम्ही तरी सांगा हिला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, "आबा, ही परीक्षा आहे. परीक्षेत मी काही सांगू शकत नाही." एवढं सोयीचं उत्तर मला आयुष्यात पुन्हा सुचलं नाही.

मनीषा फळ्याकडं तोंड करूनच बोलली. "आबा, आज न्हाई सांगितलं तर परवा दूध कमी दिसल. मग लोक म्हणतील, पोरांनी फसवलं. मग तुमी चाऱ्याचं बी खरं लिवलं तरी कोण वाचणार हाय?"

आबांनी खिशातून चष्मा काढला, फळा पहिल्यापासून वाचला आणि म्हणाले, "नीट अक्षरात लिही. मागच्या रांगेतनं दिसलं पाहिजे." मनीषानं शेवटी आणखी एक ओळ टाकली: 'दूध किती कमी होईल ते जनावरागणिक वेगळं. आमाला सांगता येत नाही.' ती ओळ तिला कुणी शिकवली नव्हती. 'मला माहीत नाही' हे कुठं लिहायचं, हे शिकवायला माझ्या अभ्यासक्रमात तास नव्हता.

गुरुवारी डॉक्टर आले. लोक फळ्याभोवती उभे होते, कुणी पुढं होईना. सोजरबाई लेकीला म्हणाली, "मला एवढं सांग. काही लपवून ठेवलंस का?"

"न्हाई आई. जे सापडलं ते सगळं फळ्यावर हाय."

सोजरबाईनं म्हशीचं दावं सोडलं आणि डॉक्टरांपुढं नेऊन उभी केली. तिच्यामागून किसनतात्या आले, खाली मान घालून, आणि मग रांग लागली. पण छावणीची मागची रांग हलली नाही. त्या रांगेचं म्हणणं, आधी सोजरबाईच्या म्हशीचं काय होतंय ते बघू. उरलेल्या लशीसाठी डॉक्टर पुढच्या आठवड्यात परत यायला कसेबसे तयार झाले.

मग सुरू झाला तो खरा तमाशा. पहिल्या दिवशी दूध तेवढंच. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. दुसरी कुणी असती तर लपवलं असतं. सोजरबाई किटली घेऊन चुलीपाशी उभी राहायची आणि मोठ्यानं सांगायची, "आज लई कमी हाय. म्याडम आल्या की सांगा, त्यांच्या नावानं बोटं मोडलीत." मागच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तिथली गयाबाई म्हणाली, "सोजरे, पोरीला कॉलेजात घातलंस, आता म्हशीला बी घाल." मनीषा दोन दिवस बाभळीखाली आलीच नाही. मी तिला निरोप धाडला नाही. काय धाडणार होते, ज्या उत्तराची मलाही वाट बघायची होती?

गुण भरून पाठवायची वेळ आली होती. विद्यापीठाच्या तक्त्यात आकड्याचा एकच रकाना होता. सोपाननं विचारलं, "मॅडम, मी नापास का?" मी म्हटलं, "स्वतःपर्यंत माग काढणारा माझा तू पहिलाच विद्यार्थी." त्याला वीस दिले. मनीषालाही वीस दिले, आणि ते म्हैस काय करते याची वाट न बघता दिले. शोध नीट घेतला होता, सांगितलं खरं होतं. उत्तर आणायचं काम तिचं, धार द्यायचं काम म्हशीचं.

पण मन ऐकतंय थोडंच. पुढच्या आठवड्यात डॉक्टर यायच्या आदल्या सकाळी मी पहिल्याच रिक्षानं छावणीत गेले. सोजरबाई धार काढून उठत होती. माझ्याकडं नुसतं बघितलं. आज मोठ्यानं सांगणं नाही, की बोटं मोडणं नाही. किटली उचलली आणि चालू लागली. दूध घालायचं केंद्र तिच्या दावणीपासून अगदी समोर, रस्ता ओलांडला की आलं. ती रस्त्याकडं गेलीच नाही. उलटी वळली, दुसऱ्या रांगेतून गेली, तिसरीतून गेली, आणि सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन, झाकण काढून काखेत धरलेलं, सावकाश, एकेका दावणीपुढून चालली. किटली काठापर्यंत भरली होती. थेंब सांडू नये म्हणून ती अशी जपून पाय टाकत होती की सगळ्यांना आत बघायला पुरेसा वेळ मिळत होता.

मनीषा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई कावून एवढा वळसा घालतीय?" आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं.

गयाबाई चुलीपुढून उठली. किटलीत डोकावली, सोजरबाईकडं बघितलं, परत किटलीत डोकावली.

"डॉक्टर उद्या किती वाजता येणार म्हणाला?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मागच्या रांगेपासून सुरुवात केली. साथ आमच्या तालुक्यात आली ती त्याच्या बऱ्याच नंतर.